उतारावर सुटलेली गाडी

लातूरच्या बाहेर, माळावर एक खाजगी रुग्णालय आहे. रस्त्यालगत फाटक आणि फाटकापासून वर चढत गेलेली सिमेंटची वाट. वाट फार लांब नाही, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती चढवत नाही. त्यासाठी रुग्णालयाने एक बॅटरीवरची गाडी घेतली होती. मोठ्या हॉटेलांत, गोल्फच्या मैदानावर असते तशी. वर छत, बाजूंनी उघडी, सहा माणसं बसतील एवढी. ही गाडी चालवणारा माणूस आज एका डाळ मिलमध्ये पोती उचलतो. वय सत्तावन्न. तो तिथे माझ्यामुळे आहे. हे मी आजवर चार ठिकाणी सांगितलं आहे, आणि चारही ठिकाणी उशिरा सांगितलं.

माझं नांदेडला बॅटऱ्यांचं दुकान आहे. इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, ई-रिक्षा, सगळ्यांच्या बॅटऱ्या. अ‍ॅसिडने माझा एकही शर्ट धड राहिलेला नाही. अलीकडे लिथियम आलं तसं मीही ते शिकलो, थोडं कंपनीच्या प्रशिक्षणात, थोडं मोबाइलवर बघून. जेवढं शिकलो त्याहून जास्त येतं असं लोकांना वाटू दिलं. रुग्णालयाच्या गाडीच्या जुन्या शिशाच्या बॅटऱ्या काढून लिथियम बसवायचं काम मला मिळालं तेव्हा मी अशी एकही गोल्फची गाडी बदललेली नव्हती. ई-रिक्षा सात-आठ केल्या होत्या. मी म्हणालो, "सारखंच असतं."

गाडी चालवणाऱ्याला रुग्णालयात सगळे मामा म्हणायचे. मीही म्हणू लागलो. बावीस वर्षं त्यांनी लातुरात ऑटो चालवला होता आणि मग कंबर धरली म्हणून इथे नोकरीला लागले. आम्ही दोघांनी मिळून सीट उचलली आणि खालच्या सहा बॅटऱ्या एकेक करून बाहेर काढल्या. एकेक बॅटरी लहान पोत्याएवढी जड. खालचा लोखंडी ट्रे अ‍ॅसिडने खाऊन जाळीसारखा झाला होता. मामांनी त्या सहाही बॅटऱ्या भिंतीशी ओळीने मांडल्या आणि फडक्याने पुसल्या. भंगारात जाणाऱ्या वस्तू पुसताना मी पहिल्यांदाच कुणाला बघत होतो.

"दर शनवारी पाणी पाजलाव ह्यांना," ते म्हणाले. "चार्ज झाल्या की बुडबुड वाजतेत. कान लावलं की कळतंय पोट भरलं का न्हाई ते."

मग मी नवी पेटी उघडली. एकच पेटी, दोघांत सहज उचलता येणारी.

"हे पाणी पीत न्हाई?"

"नाही मामा."

"आवाज?"

"आवाज पण नाही."

"मग हे जित्तं हाय हे कळायचं कसं, शेठ? आमच्या साडूवाणी दिसायलंय. बोलत न्हाई, पीत न्हाई, अन् एक दिस अचानक रुसून बसतंय."

मी हसलो. त्यांना चार गोष्टी समजावल्या. संध्याकाळी चार्जिंगला लावायची, सकाळी काढायची. रात्रभर लागून राहिली तरी हरकत नाही. पाणी नाही, काही नाही. "आता तुम्हाला काहीच बघायचं नाही," असं मी म्हणालो. हे वाक्य मला अजून शब्दशः आठवतं.

आता एक गोष्ट सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अशा गाडीच्या पेडलवरचा पाय काढला की मोटर स्वतःच गाडीला धरते. उतारावर ब्रेक फारसा दाबावा लागत नाही. गाडीचा वेग मोटर खाते आणि त्यातून तयार होणारी वीज परत बॅटरीत जाते. शिशाच्या बॅटऱ्या भरलेल्या असल्या तरी ही वीज निमूट घेतात. लिथियमच्या पेटीत मात्र एक रक्षण करणारं सर्किट असतं. पेटी काठोकाठ भरलेली असेल आणि वरून आणखी वीज आली, तर ते दार बंद करतं. दार बंद झालं की मोटरची पकड सुटते आणि गाडी मोकळी पळते.

त्यावर उपाय सोपा आहे. पेटी पूर्ण भरायचीच नाही, नव्वद टक्क्यांवर चार्जर थांबेल असं ठरवून द्यायचं. पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. मी गाडी उतारावरून चालवूनही पाहिली, तीनदा. पण संध्याकाळी, पेटी निम्मी भरलेली असताना. गाडी छान उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी पूर्ण भरल्यावर एक फेरी मारायला हवी होती. मात्र सकाळी मला भोकरला एका शाळेचा इन्व्हर्टर बसवायचा होता. मी त्याच संध्याकाळी नांदेडला निघालो.

आठ-दहा दिवसांनी मामांचा फोन आला.

"शेठ, सकाळच्या पैल्या फेरीला गाडी सुटायली."

"सुटायली म्हणजे?"

"उतारावर धरंना की. निस्ती पळायली. दुसऱ्या फेरीपासून बरूबर हाय. पैलीलाच नखरे करायली."

मी म्हणालो, "वजन कमी झालंय ना मामा. शिसं गेलं. हलकी गाडी वेगळी वाटते. थोडी सवय होऊ द्या, ब्रेकवर पाय ठेवा."

फोन ठेवला आणि ठेवता ठेवताच मला कळलं की हे वजनाचं नाही. हलकी गाडी उलट कमी पळेल. पहिल्याच फेरीला, म्हणजे पेटी भरलेली असतानाच. मला उत्तर मिळालं होतं आणि ते उत्तर माझी चूक होती. परत फोन करून "आजपासून पूर्ण चार्ज करू नका, मध्येच काढा" एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मग "का?" असं विचारलं गेलं असतं. मी ठरवलं की रविवारी जाऊन गुपचूप सेटिंग बदलून यावी. त्या रविवारी गेलो नाही, पुढच्याही नाही. मामांचा आणखी एकदा फोन आला. मी म्हणालो, "येतोच." नांदेड ते लातूर तीन तासांचा रस्ता आहे. मी आळस केला असं म्हणणं सोपं आहे, पण तो आळस नव्हता. मला त्या गाडीसमोर उभं राहायचं नव्हतं.

मामांनी मधल्या काळात स्वतःचा एक नियम केला होता. हे मला नंतर कळलं. सकाळची पहिली फेरी ते रिकामीच खाली नेत, ब्रेकवर पाय घट्ट रोवून, वाटेच्या कडेच्या दगडांना चाक घासत. कुणी बसायला आलं की म्हणत, "पैली फेरी देवाची. दुसरीला बसा." लोक हसत आणि थांबत.

मग एके दिवशी सकाळी निलंग्याकडच्या एका म्हातारीला रुग्णालयातून सुट्टी मिळाली. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. सोबत सून. त्यांच्या गावची एकच बस सकाळी फाटकाशी थांबते. सून म्हणाली, बस चुकली तर संध्याकाळपर्यंत इथेच बसावं लागेल. मामांनी नाही म्हटलं. म्हातारी म्हणाली, "लेकरा, एका डोळ्यानं हा उतार मी कशी उतरू?" मामांनी त्यांना बसवलं.

निम्म्या उतारावर मोटरची पकड सुटली. तीन माणसांचं वजन होतं. ब्रेकच्या तारेवर इतकी वर्षं कधी एवढा भार आला नव्हता, तीही पूर्ण ओढली गेली नाही. फाटकाजवळच्या वळणावर गाडी कठड्याला घासत गेली आणि म्हातारी बाहेर फेकली गेली. खुबा मोडला. सुनेला खरचटलं. मामांच्या कोपराला मार बसला.

दुपारी प्रशासकांचा फोन आला, "ताबडतोब या, उद्या चौकशी आहे." मी निघालो. पोचलो तेव्हा गाडी वर शेडमध्ये आणून ठेवली होती. पुढचा पत्रा चेपला होता, बाकी चालू होती. मेकॅनिक ब्रेकची तार बदलत होता. मी सीट उचलली आणि मोबाइल पेटीला जोडला. पेटी आपल्या नोंदी ठेवते. सकाळची नोंद तिथे होती: विजेचा जास्त दाब, दार बंद. वेळही होती. त्याच्या आधीच्या सगळ्या सकाळीही तिथे होत्या, एकाखाली एक.

मेकॅनिक हात धुवायला गेला. मी चार्जरची मर्यादा नव्वदवर आणली.

त्या क्षणी मी काय विचार केला हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. मी मनाशी म्हणालो होतो, आता आणखी कुणाला इजा व्हायला नको. हे खोटं नव्हतं. पण नोंदींचा फोटो मी काढला नाही, प्रशासकांना बोलावून दाखवलं नाही. सीट खाली टाकली आणि चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उतारावर जमले. प्रशासक, दोन विश्वस्त, मेकॅनिक, मी आणि हात गळ्यात बांधलेले मामा. रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेचा चालक गाडीत बसला. रात्रभर चार्जिंगला लावलेली, पहिलीच फेरी, आत सिमेंटच्या चार गोण्या. गाडी शहाण्या मुलासारखी खाली गेली. परत वर आली. पुन्हा गेली. कुठे काही नाही.

मामा गाडीकडे बघत होते, मग माझ्याकडे.

एक विश्वस्त म्हणाले, "ऑटोवाला माणूस. उतार आला की न्यूट्रल. पेट्रोल वाचवायची सवय."

आमच्याकडे हे खरंच आहे. लातूर असो, नांदेड असो, उतार दिसला की ऑटोवाला इंजिन मोकळं सोडतो. प्रवाशालाही त्यात काही वावगं वाटत नाही. म्हणून ते वाक्य तिथल्या प्रत्येकाला लगेच पटलं.

"न्हाई सर," मामा म्हणाले. "ऑटोत करत होतो. ह्या गाडीत एकदाबी न्हाई. लेकराची शप्पत."

प्रशासकांनी मला विचारलं, "तुम्ही सांगा. उतारावर ही गाडी न्यूट्रलला टाकली तर अशी पळेल?"

"हो," मी म्हणालो.

प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. न्यूट्रलला टाकली तर पळेलच. मला दुसरं काही विचारलं नव्हतं.

मामा म्हणाले, "शेठ, मी फोन केलो होतो की तुम्हाला. दोनदा. सांगितलो होतो की सुटायली म्हणून."

प्रशासकांनी माझ्याकडे पाहिलं. "फोन केला होता?"

"वजनाबद्दल काहीतरी विचारलं होतं," मी म्हणालो. "गाडी हलकी वाटते, असं."

मला वाटलं होतं मामा ओरडतील, शिव्या देतील. मी त्याची तयारीही केली होती. त्यांनी फक्त गळ्यातली झोळी नीट केली आणि कठड्यावर बसले. मी अहवाल लिहून दिला: बॅटरीत व जोडणीत दोष आढळला नाही. त्या दिवशी, त्या वेळी, तो आढळण्यासारखा नव्हताच. तो मी आदल्या संध्याकाळी काढून टाकला होता.

घरी बायकोने विचारलं, "काय झालं होतं हो?" ती शाळेत शिकवते. तिला खोटं लगेच कळतं असा तिचा समज आहे. मी म्हणालो, "ड्रायव्हरची चूक. न्यूट्रलला टाकली." तिने हळहळ केली आणि वाढायला घेतलं. तोवर मी अर्धवट खरं बोलत आलो होतो. पूर्ण खोटं मी पहिल्यांदा माझ्याच ताटावर बसून बोललो.

त्यानंतर मी आणखी चार गाड्या बदलल्या. प्रत्येकीची मर्यादा नव्वदवर ठेवली, प्रत्येकीची पहिली फेरी सकाळी स्वतः मारली. लोक म्हणतात, फार काळजीने काम करता.

सव्वा वर्षाने लातूरला एका डाळ मिलच्या जनरेटरची बॅटरी बदलायला गेलो. तुरीच्या धुळीने सगळं पिवळं झालं होतं. वजनकाट्यापाशी पोतं टेकवून मामा उभे होते. त्यांनी मला आधी पाहिलं.

"काय शेठ, हितंबी काय हलकं करालाव का?"

मी त्यांना बाजूला बोलावलं आणि तिथेच, पोत्यांच्या थप्पीआड, सगळं सांगितलं. पुस्तिका, पहिला फोन, नोंदी, नव्वद.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले.

"कसं?"

"एका रात्रीत गाडी शाणी झाली व्हय? ईस दिस रोज सकाळी सुटली, अन् साहेब लोक बघायला आले की धरली? तुमी आदल्या दिशी सीट उचलली ते मी वॉर्डाच्या खिडकीतून बघितलो."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुमी शिकलेले. मी न्यूट्रलवाला."

मी म्हणालो, मी रुग्णालयात लेखी देतो. नोकरीसाठी बोलतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. नोकरीवर दुसरा माणूस आला, त्याचंही पोट आहे, असं म्हणाले. मग म्हणाले, "ऑटोबी कोन दिईना भाड्यानं. म्हातारीला पाडलेला माणूस म्हणायलेत. ते ऱ्हाऊ द्या. तुमी त्या म्हातारीला सांगा. मी गेल्तो तिच्या गावाला, दोनदा. पोरानं दारातून हाकलला. म्हणला, चार पैशाच्या करंटासाठी माझ्या मायला अपंग केलास. तिला खरं सांगा. बाकी काय करू नका."

मी त्याच आठवड्यात रुग्णालयाला पत्र दिलं. दोन पानं, सही, तारीख. नोंदी पेटीत अजून आहेत, काढून बघा, असंही लिहिलं. आवक कक्षातल्या बाईंनी शिक्का मारला. प्रशासक बदलले होते. नवीन प्रशासकांनी पत्र उभ्याने वाचलं आणि म्हणाले, "आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे?" मी म्हणालो, "ज्याला काढलं त्याचं." ते म्हणाले, "बघू."

मग निलंग्याकडच्या त्या गावी गेलो. म्हातारी ओसरीवर बाजेवर होती. खुबा जुळला, पण ती पुन्हा चालली नाही. हिंडायची ती फक्त मुलाच्या हातांवर. मुलगा शेतात होता, सून घरी होती. मी उभ्यानेच सांगितलं. म्हातारीला ऐकायला कमी येत असावं, सून मध्ये मध्ये तिच्या कानाशी मोठ्याने सांगत होती. माझी चूक अशी मला त्या घरात दोनदा ऐकावी लागली, एकदा माझ्या तोंडून आणि एकदा त्या बाईच्या.

म्हातारीने माझ्याकडे तोंड वळवलं.

"म्हंजी त्यो खरं बोलत हुता?"

"हो, आजी."

"अन् तू हुतास तितं?"

"होतो."

"अन् गप बसलास?"

तिने सुनेला काहीतरी विचारलं. सून माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांचा नंबर हाय का तुमच्याकडं? लावा."

मी फोन लावला आणि तिच्या हातात दिला. तिने तो सासूच्या कानाला धरला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. म्हातारी म्हणत होती, "लेकरा, आमी लई वंगाळ बोलून ऱ्हायलो तुला. माझ्या लेकाचं चुकलं. माझंबी चुकलं. तू न्हाई म्हनला हुतास, मीच बसले हट्टानं." ती रडत नव्हती. ओळखीच्या माणसाशी बोलावं तशी बोलत होती. ज्यांनी काही केलं नव्हतं ती दोन माणसं एकमेकांची माफी मागत होती, आणि फोन माझा होता.

मुलगा शेतातून यायच्या आत निघावं असं मला वाटलं. मी निघालो नाही. तो आला, सुनेने त्याला सांगितलं. त्याने मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे त्याला कळलं की काय कोण जाणे. तो फक्त म्हणाला, "जावा आता तुमी. मायला दूध द्यायचा वकुत झालाय."

रुग्णालयाचं उत्तर अजून आलेलं नाही. दर सोमवारी मी फोन करतो. आवक कक्षातल्या बाई आता माझा आवाज ओळखतात आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणतात, "न्हाई हो, काहीच न्हाई आलं." मागच्या महिन्यात मी मामांना तसं कळवलं. ते म्हणाले, "तुमी पत्र दिलाव ते माझ्या घरात वाचून दाखवा एकदा. बायको इस्वास ठेवंना." येत्या रविवारी मी लातूरला जाणार आहे. पत्राची प्रत खिशात घेऊन ठेवली आहे, आणि या वेळी रविवार चुकवायचा नाही असं बायकोलाही सांगून ठेवलं आहे. तिला आता सगळं माहीत आहे. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही.